एकोणीस आसनी विमानं गेली कुठे?

झुआरीकाठ
रविवारी चिखलीला मामांकडे गेलो होतो. दोन दिवसांच्या पावसानंतर उघडीप होती, म्हणून लेकीला घेऊन गच्चीवर उभा राहिलो. तेवढ्यात नौदलाचं डॉर्निअर, एकोणीस आसनी मापाचं छोटं विमान, दाबोळी विमानतळाकडे उतरायला आलं. चाकं बाहेर, पंख वरच्या बाजूला, आणि तो किरटा आवाज. लेक म्हणाली, "बाबा, हे विमानाचं पिल्लू आहे का?" तिने आजवर पाहिलेली सगळी विमानं दीड-दोनशे माणसांची.

मला मात्र १९८८ चा मे आठवला. दहावीची परीक्षा झाली होती. पुण्याच्या काकांनी मला वायुदूत या सरकारी विमान कंपनीच्या डॉर्निअरमध्ये बसवून गोव्याला धाडलं. माझा पहिला विमानप्रवास. काउंटरवरच्या गृहस्थांनी आधी माझी बॅग काट्यावर ठेवली, मग मला म्हणाले, "आता तू चढ." काटा बघून त्यांनी पेन्सिलीने कागदावर आकडा मांडला. आत गेल्यावर पुढच्या रांगेतल्या एका भारदस्त काकांना उठवून मागे बसवलं, वजनाचा तोल साधायला. मधे वाट, दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. वैमानिक आणि आमच्यात दार नव्हतं. त्यांच्या खांद्यावरून मला दाबोळीची धावपट्टी समोरून मोठी होत येताना दिसली. काकूने कानात घालायला कापूस आणि खिशात लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांची चव अजून आठवते.

तर प्रश्न असा. ही एकोणीस आसनी, तीस आसनी विमानं एके काळी जगभर गावोगाव उडायची. आता ती प्रवाशांना घेऊन उडताना का दिसत नाहीत? आपल्या गोव्याच्या पाठीशी पूर्ण सह्याद्री आहे. कोल्हापूरला जायला आंबोली, बेळगावला जायला चोर्ला, पावसाळ्यात दोन्हींचा भरवसा नाही. माझं मत असं की गरज होती तशीच आहे, विमान तेवढं संपलं. जाणकारांनी सांगावं.

पेडण्याचा_बाब
बरा विषय काढलास रे. आमच्या पेडण्यात मोपाला एवढा मोठा विमानतळ झाला, पण बहिणीकडे कोल्हापूरला जायचं तर मी अजून गाडीच काढतो. वाचतोय.

कापूस_आणि_लिमलेट
झुआरीकाठ, तुमच्या काकूंचा सल्ला वाचला आणि लगेच हा आयडी घेतला. :) माझ्या आजोबांनीही हेच सांगितलं होतं.

टर्बोप्रॉप_तात्या
विमान दुरुस्तीच्या कामात सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पंख्याच्या विमानांवर. जेवढं हाताखालून गेलं तेवढं सांगतो.

कापसाचं कारण आधी. डॉर्निअर २२८ मध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही. विमान वर गेलं की बाहेरची विरळ हवा तीच आतली हवा, त्यामुळे कानांना दडे बसतात. म्हणून ते फार उंच जात नाही, ढगांच्या वरून न जाता ढगांतून जातं, आणि पावसाळ्यात प्रवाशांना चांगलं घुसळून काढतं.

आता मूळ प्रश्न. एकोणीसच का? अमेरिकेच्या नियमात एकोणीस आसनांपर्यंत हवाईसेविका लागत नाही. त्यामुळे कारखान्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवून विमानं काढली. ब्राझीलचं बांदेरांते, कॅनडाचं ट्विन ऑटर, अमेरिकेचं बीचक्राफ्ट १९०० आणि मेट्रोलायनर, ब्रिटनचं जेटस्ट्रीम ३१, जर्मनीचं डॉर्निअर २२८, सगळी याच मापाच्या आसपासची. १९७८ साली अमेरिकेने विमान कंपन्यांवरची बंधनं काढली. मोठ्या कंपन्या लहान गावांतून उठल्या आणि त्यांच्या जागी ही विमानं आली. सत्तर-ऐंशीचं दशक हा त्यांचा बहराचा काळ.

हिशोब बिघडतो तो असा. विमान एकोणीस जणांचं असो, सत्तरचं असो की एकशे ऐंशीचं, पुढे वैमानिक दोनच. त्यांचा पगार एकोणीस तिकिटांत वाटायचा की एकशे ऐंशी, एवढं पाहिलं तरी पुरे. इंजिनाची मोठी दुरुस्ती, हँगरचं भाडं, विमा, कागदपत्रं, यातलं काहीही आसनांच्या प्रमाणात कमी होत नाही. शिवाय लहान विमान लहान पल्ल्याला उडतं. दिवसातून आठ वेळा उठतं, आठ वेळा बसतं. चाकं, ब्रेक, इंजिनाची गरम-थंड होण्याची आवर्तनं, सगळ्याची झीज तासांवर नाही, फेऱ्यांवर होते.

आणि आपला किनारा! खारी हवा इंजिनाच्या आतल्या पात्यांवर मिठाचा थर धरते. दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं, इंजिन थंड झालं, की आम्ही क्षार काढलेल्या पाण्याचा फवारा आत सोडायचो आणि इंजिन न पेटवता नुसतं फिरवून धुवायचो. मागच्या नळीतून पडणारं पाणी मी बोटावर घेऊन जिभेला लावून बघायचो. आमचे वरिष्ठ ओरडायचे, पण खारटपणा गेलाय की नाही ते मला तसंच कळायचं. हे काम एकोणीस आसनी विमानाला लागतं तेवढंच सत्तर आसनीलाही लागतं. मजुरीही जवळपास तेवढीच.

बीचक्राफ्ट १९०० चं उत्पादन २००२ मध्ये थांबलं. त्याच साली डॉर्निअरची जर्मन कंपनी दिवाळखोरीत गेली. चौतीस आसनी साब ३४० त्याआधीच बंद झालं होतं. विमान जुनं होत गेलं आणि त्याच्या जागी नवं घ्यायला बाजारात काही उरलं नाही.

झुआरीकाठ
तात्या, जिभेला लावून बघण्याचं वाचून अंगावर काटा आला. असे लोक होते म्हणून आम्ही निर्धास्त बसलो.

सातेरीची_लेक
सगळ्यांच्या आठवणी गोड आहेत, पण मला ही विमानं गेल्याचं वाईट वाटत नाही. माझं माहेर इंदापूर. २३ सप्टेंबर १९८९ ला पुण्याहून हैदराबादला निघालेलं वायुदूतचं डॉर्निअर आमच्याकडे उजनीच्या पाण्यात पडलं. आतली अकराही माणसं गेली. मी सातवीत होते. वडील इतर गावकऱ्यांबरोबर काठावर गेले होते. रात्री उशिरा परतले आणि न जेवता झोपले. पुढे कितीतरी दिवस घरात विमान हा शब्द कोणी काढला नाही.

झुआरीकाठ, तुम्ही ज्या जातीच्या विमानातून आनंदाने आलात, त्याच जातीचं विमान दीड वर्षाच्या आत आमच्या पाण्यात होतं. मला मोठं विमान, मोठी कंपनी, दोन-दोन यंत्रणा असलेलं बरं वाटतं. घाटातून पाच तास लागले तरी चालतील.

झुआरीकाठ
ताई, हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या वडिलांचं वाचून थांबलो थोडा वेळ. तुमची भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

टर्बोप्रॉप_तात्या
सातेरीताईंचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. लहान विमानांचं रेकॉर्ड मोठ्यांपेक्षा वाईट होतं आणि त्याची कारणं होती. ती खालून उडायची, ढगांत आणि डोंगरांत असायची, लहान धावपट्ट्यांवर उतरायची, आणि बऱ्याच देशांत त्यांना नियमही सैल होते. अमेरिकेत दहा ते तीस आसनांच्या विमानांना १९९७ पासून मोठ्या विमानांचे नियम लावले. प्रवाशाच्या दृष्टीने योग्यच झालं. पण त्या नियमांचा खर्च एकोणीस आसनांना झेपला नाही आणि कंपन्यांनी विमानं भराभर काढून टाकली. पुढे २००९ मध्ये बफेलोजवळ एका प्रादेशिक विमानाचा अपघात झाला. त्यानंतर २०१३ पासून तिकडे सहवैमानिकालाही साधारण पंधराशे तासांचा अनुभव सक्तीचा झाला. पूर्वी तरुण वैमानिक लहान विमानांवर तास जमवायला येत, ती वाटच अरुंद झाली.

म्हणजे सुरक्षितता वाढली आणि विमान गेलं, या दोन्ही गोष्टी एकाच धाग्याने बांधलेल्या आहेत. मला दोन्हींबद्दल मनापासून वाटतं.

फोंड्याचा_मास्तर
गोव्याचा विषय निघाला आहे तर थोडं मागे जाऊ. गोव्याची स्वतःची विमान कंपनी होती हे नव्या मुलांना सांगितलं की ती माझ्याकडे बघत राहतात. भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगीज सरकारने १९५५ मध्ये ती काढली. ट्रान्सपोर्तिश आएरियुश दा इंदिया पोर्तुगेझा, आद्याक्षरांनी टाइप. दाबोळीचा विमानतळही त्याच सुमाराचा, गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिशच्या काळातला. गोवा, दमण आणि दीव हे तीन तुकडे एकमेकांपासून लांब, मधे भारताची जमीन, म्हणून हवेतून जोडायचे. कराचीलाही विमान जायचं.

आणि त्यासाठी आधी आणलेलं विमान कोणतं? द हॅविलंड हेरॉन. चार छोटी इंजिनं आणि पंधराच्या आसपास प्रवासी. म्हणजे गोव्यातली नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली ती झुआरीकाठ म्हणतात तशाच पिल्लापासून. मोठी विमानं नंतर आली.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा बाँबफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. तेव्हा तिथे एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४ अशी दोन मोठी प्रवासी विमानं उभी होती. रात्री अंधारात, खड्डे पडलेल्या धावपट्टीवरून दोन्ही उडाली आणि समुद्रालगत खालून कराचीला गेली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. माझे वडील तेव्हा फोंड्यात होते. रात्री ऐकलेला तो आवाज कसला हे त्यांना कितीतरी वर्षांनी कळलं.

माशेलची_सून
मास्तर, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या संग्रहालयात उभं आहे तेच का ते सुपर कॉन्स्टेलेशन? आम्ही मुलांना तसंच सांगत आलो.

फोंड्याचा_मास्तर
नाही बाय, ते वेगळं. ते आधी एअर इंडियाचं होतं, 'रानी ऑफ एलोरा', पुढे नौदलात आलं. पळून गेलेलं पोर्तुगीजांचं.
पण त्याच आवारात एक लहान डव्ह उभं आहे, ते मुलांना नक्की दाखव. द हॅविलंडने डव्हला लांब करून आणि दोनाची चार इंजिनं लावून हेरॉन बनवलं. डव्ह पाहिलं की गोव्याचं पहिलं प्रवासी विमान साधारण कसं असेल ते कळतं.

काणकोणचो_भुरगो
कंपनीचं नाव टाइप! तिकीटही टाइप करूनच देत असतील. ;)

जळगावचा_पाव्हणा
पणजीत नोकरीला असलेला खानदेशी. आमच्याकडे ही विमानं अगदी अलीकडे परत आली होती, म्हणून लिहितो. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई-जळगाव सुरू झालं, १८ आसनी बीचक्राफ्ट १९००डी. तात्या म्हणतात तेच, उत्पादन बंद झालेलं विमान. मी पहिल्या काही दिवसांतच बसलो. आत सरळ उभं राहून चालता येतं. प्रत्येकाला खिडकी, हे झुआरीकाठ यांचं वर्णन तिथेही लागू. खाली केळीच्या बागा दिसायला लागल्या तेव्हा शेजारच्या आजोबांनी काचेवर बोट ठेवून "आपला जिल्हा" एवढंच म्हटलं.

सेवा टिकली नाही. खरी अडचण मुंबई होती. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आणि एका वेळी वापर एकीचाच. उतरायच्या ठरावीक वेळेसाठी सगळ्यांची रांग. एकशे ऐंशी माणसं घेऊन येणारं विमान आणि अठरा माणसं घेऊन येणारं विमान, दोघांनाही जागा एकच लागते. मग विमानतळ कोणाला चांगली वेळ देणार?

टर्बोप्रॉप_तात्या
जागा एकच नाही, लहानाला जास्त लागते. मोठं विमान गेलं की त्याच्या मागे हवेत भोवरे राहतात. मागून येणाऱ्या हलक्या विमानाला ते उलथवू शकतात, म्हणून हलक्याला जास्त अंतर ठेवावं लागतं. मुंबईला तेवढी मोकळी हवा नाही.

म्हापशाचो_माले
मी गेली अकरा वर्षं मालदीवमध्ये, मालेला आहे. तुम्ही सगळे ही विमानं संपली म्हणता, आणि माझ्या खिडकीसमोरून सकाळपासून ट्विन ऑटर उडतायत. चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे लांब फ्लोट, वैमानिक अर्ध्या चड्डीत आणि अनवाणी. जगातला समुद्री विमानांचा सगळ्यात मोठा ताफा इथेच आहे.

इथे जमतं त्याचं कारण साधं आहे. एका बेटावरून दुसऱ्यावर जायला रस्ता नाही, रेल्वे नाही. बोटीला अर्धा दिवस. आणि पैसे भरणारा युरोपातून आलेला पर्यटक, तिकीट हॉटेलच्या बिलातच धरलेलं. गोव्याहून कोल्हापूरला जाणारा माणूस आधी विचारतो, कदंबाची बस किती घेते? जिथे दुसरी वाट आहे तिथे हे विमान हरतं. जिथे नाही तिथे ते राजा आहे.

ट्विन ऑटरचं उत्पादन १९८८ मध्ये थांबलं होतं. मागणी हटेना, म्हणून वीसेक वर्षांनी दुसऱ्या कंपनीने ते पुन्हा काढलं. २०२० मध्ये साबरमतीवरून केवडियाला जे समुद्री विमान सुरू झालं होतं, तेही ट्विन ऑटरच, इथूनच गेलेलं. काही महिन्यांत तिकडची सेवा थांबली. तिथे गाडीने जाता येतं ना!

कुडाळची_विजू
आमचा चिपीचा विमानतळ विसरू नका हं. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं तेव्हा आमची आख्खी वाडी परुळ्याच्या माळावर. आईने देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, म्हणून विमान उतरल्यावर तिने तिथूनच हात जोडले. मुंबईहून सत्तर आसनी एटीआर विमान यायचं. गणपतीला माझा दादा सकाळी अंधेरीत चहा पिऊन दुपारी आरतीला घरी.

पण लहान शहरं विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेची मदत एका मार्गाला तीन वर्षं मिळते. निम्म्या आसनांचं भाडं बांधलेलं, साधारण तासाभराला अडीच हजार, आणि कंपनीचं नुकसान सरकार भरून देतं. तीन वर्षांत लोकांना सवय लागेल, मग मार्ग आपल्या पायावर उभा राहील, अशी कल्पना. सवय लागते हो, पण अडीच हजारांची. त्यात आता शेजारी मोपा झालं. सावंतवाडीच्या माणसाला ते जास्त जवळ.

रुळांवरून
सगळ्यांना वाईट वाटेल, पण उत्तर रेल्वेच आहे. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि कोकण-गोव्याचा चेहरा बदलला. २०२३ पासून मडगावला वंदे भारत येते. एका गाडीत तुमची पंचवीस डॉर्निअर तरी बसतील.

पेडण्याचा_बाब
रुळांवरून, तुझी रेल्वे मला मुंबईला नेते. कोल्हापूरला नेते का? वैभववाडी-कोल्हापूर मार्गाचं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. मडगावहून मिरजेला जायचं तर कॅसलरॉकचा घाट चढून, लोंढ्याला वळसा घालून.

रुळांवरून
मान्य. तिथे मी निरुत्तर. पण दूधसागर समोरून दिसतो हे लक्षात घ्या.

माशेलची_सून
दूधसागरापाशी गाडी हळू होते तेव्हा आमच्या डब्यात सगळे एका बाजूला धावले होते. टीसीसुद्धा. झुआरीकाठच्या डॉर्निअरमध्ये असं झालं असतं तर काकांना परत उठवावं लागलं असतं. :)

हिशेबनीस
व्यवसायाने लेखापाल. विमानातलं कळत नाही, नियमातलं थोडं कळतं. आपल्याकडे एकोणीस आसनी न वाढता सत्तर आसनी का वाढलं, याला एक कारण सरकारी सवलतींची आखणी हेही आहे. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानाला देशांतर्गत नियमित सेवेत उतरण्याचं शुल्क नाही. चाळीस हजार किलोपेक्षा हलक्या विमानाच्या इंधनावर विक्रीकर चारच टक्के, एरवी राज्यांचा कर कितीतरी जास्त. आता तुम्ही कंपनीचे मालक आहात असं समजा. सवलत एकोणीसलाही तीच आणि अठ्ठ्याहत्तरलाही तीच. तुम्ही कोणतं विमान घ्याल?

म्हणून एटीआर ७२. आणि त्याला टक्कर देणारं कॅनडाचं क्यू४०० बनवणं २०२१ मध्ये थांबलं, तेव्हा नवं घ्यायचं म्हटलं तर पर्याय जवळजवळ एकच.

टर्बोप्रॉप_तात्या
हिशेबनीस, हे तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत. सवलतीची रेघ जिथे ओढतात तिथेच विमानं येऊन थांबतात. अमेरिकेत एकोणीसवर थांबली, इथे ऐंशीच्या आत.

काणकोणचो_भुरगो
मग आपण स्वतः का बनवत नाही? डॉर्निअर तर कानपूरला बनतं ना?

टर्बोप्रॉप_तात्या
बनतं. हिंदुस्तान एरोनॉटिक्स १९८० च्या दशकापासून बनवते, मुख्यतः नौदल, तटरक्षक दल आणि वायुदलासाठी. एप्रिल २०२२ मध्ये त्यातलं सतरा आसनी नागरी विमान अलायन्स एअरने दिब्रुगड-पासीघाट मार्गावर सुरू केलं. वायुदूत १९८१ मध्ये ज्या ईशान्येसाठी निघाली होती तिथेच, चाळीस वर्षांनी. माले-वाल्यांचा नियम इथेही लागू. अरुणाचलात दुसरी वाट कठीण आहे.

स्वतःचं म्हणशील तर बेंगळुरूचं सारस. चौदा आसनी, २००४ मध्ये पहिल्यांदा उडालं. ६ मार्च २००९ ला बिडदीजवळ चाचणी उड्डाणात पडलं आणि तिघेजण गेले. वायुदलाची माणसं, परीक्षणातली अनुभवी. काम थांबलं. २०१८ मध्ये सुधारलेलं विमान पुन्हा उडालं, आता एकोणीस आसनी आवृत्तीवर काम आहे. ते धावपट्टीवर उभं असलेलं मला बघायचं आहे.

सातेरीची_लेक
तात्या, आपल्याच लोकांनी आपल्याच डोंगरांसाठी बनवलेलं, आजचे नियम पाळणारं विमान आलं तर मी विरोध करणार नाही. माझं भांडण आकाराशी नाही. त्या काळी ज्या हलगर्जीने ती चालवली जात असं आम्ही ऐकलं, तिच्याशी आहे.

सोलापुरी_कडक
उशिरा आलो, पण माझ्याकडे ताजा अनुभव आहे. आई ७४ वर्षांची, सोलापुरात. मी गेली नऊ वर्षं पर्वरीत. तिचे गुडघे गेलेले. रात्रभराच्या बसमधून ती एकदाच आली आणि उतरल्यावर दोन दिवस अंथरुणात होती. "मरायच्या आधी तुझं घर बघितलं, आता नको" म्हणाली.

सोलापूरचा विमानतळ कित्येक वर्षं नुसता होता. उतरण्याच्या मार्गात साखर कारखान्याची चिमणी. त्यावर शहरात काय वाद झाला ते सोलापूरकरांना विचारा. जून २०२३ मध्ये चिमणी पाडली. कारखान्यावर पोट असलेल्या आमच्या मामांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होतं, आणि मी विमानाच्या आशेवर होतो. एकाच घरात दोन्ही.

९ जून २०२५ ला सोलापूर-गोवा सुरू झालं. गोव्यातच मुख्यालय असलेल्या फ्लाय९१ चं एटीआर ७२. आईला घेऊन मी जुलैमध्ये आलो. खाली चौकोनी शेतं, मग एकदम घाटाची कड आणि त्यापुढे सगळं हिरवं आणि ढग. आई म्हणाली, "एवढंच अंतर होतं होय रे?" मोपाहून पर्वरीपर्यंतही ती तेच म्हणत होती. आता गणपतीला पुन्हा येतेय, स्वतःहून तारीख विचारून.

विमान एकोणीसचं की सत्तरचं, आम्हाला फरक पडला नाही.

कुडाळची_विजू
आजींना नमस्कार सांगा. डोळे भरून आले.

झुआरीकाठ
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मी म्हटलं होतं की गरज आहे तशीच आहे, विमान तेवढं संपलं. सोलापूर वाचल्यावर कबूल करतो, निम्मी गरज सत्तर आसनी विमानाने भागवली. मार्च २०२४ मध्ये मोपाहून ही कंपनी सुरू झाली तेव्हा मी बातमी वाचून पान उलटलं होतं. माझ्या डोक्यात विमान म्हणजे तो काटा आणि ती पेन्सिल होती, त्यामुळे ओळखता आलं नाही.

पण उरलेली निम्मी गरज मी सोडणार नाही. गोवा-कोल्हापूर, गोवा-रत्नागिरी. रोज सत्तर माणसं मिळणार नाहीत, बारा-पंधरा नक्की मिळतील. मागच्या पावसाळ्यात रत्नागिरीहून आत्याला बांबोळीच्या इस्पितळात आणायचं होतं. महामार्गावर झाड पडलेलं, रुग्णवाहिका तीन तास जागच्या जागी. ती वाचली, देवाची कृपा. त्या तीन तासांत मी वर आभाळाकडे बघत होतो. तात्या, अशा वाटेला काहीच नाही का?

टर्बोप्रॉप_तात्या
आहे, पण त्याला तिकिटाचा धंदा म्हणून बघू नका. नॉर्वे, स्कॉटलंडची बेटं, इथे सरकार लहान विमानाचा खर्च रस्त्याच्या पुलासारखा धरतं. पुलाला कोणी विचारत नाही की तू फायद्यात आहेस का. तसं धरलं तर गोवा-रत्नागिरीला नऊ-दहा आसनी विमानही पुरेल. टेकनामचं पी२०१२ त्याच मापाचं आहे. सेसनाचं एकोणीस आसनी स्कायकुरियर २०२२ मध्ये प्रमाणित झालं, पण ते आधी घेतलं कुरिअर कंपनीने, पार्सलं वाहायला. विजेवर चालणारं एकोणीस आसनी काढायला निघालेल्या स्वीडनच्या कंपनीने मधेच आराखडा बदलून तीस आसनी केला. म्हणजे माप मोठं करायची ओढ तिथेही आहेच.

तीन वर्षांची मदत रत्नागिरीसारख्या वाटेला पुरणार नाही. कायमची लागेल. ती मागायची तर दोन्ही राज्यांनी मिळून मागावी लागेल.

हिशेबनीस
मागणीचा मसुदा लिहायचा तर आकडेमोड मी करून देतो. आधी तिकडचे-इकडचे प्रवासी किती, याची गाड्यांवरून मोजदाद हवी.

पेडण्याचा_बाब
पत्रादेवीच्या नाक्यावर आणि दोडामार्गला सकाळी दोन तास उभं राहायला मी तयार. भाचा येईल सोबत.

माशेलची_सून
मोजदाद करा, पण आधी एकदा भेटूया ना. मुलांना ते डव्ह दाखवायचं आहे. मास्तर येणार असतील तर बरं, नाहीतर मी पुन्हा चुकीचं काहीतरी सांगेन.

फोंड्याचा_मास्तर
येतो. सोमवारी संग्रहालय बंद असतं, शनिवार ठरवा. सकाळी दहाला दाराशी. छत्र्या आणा, विमानं उघड्यावर आहेत.

झुआरीकाठ
मी लेकीला घेऊन येतो. तात्या, तुम्ही इंजिनाजवळ उभे राहून तिला ते पाण्याचं सांगा. सातेरीताई, तुम्हीही या, आलात तर बरं वाटेल.

सातेरीची_लेक
येते. वडिलांनाही विचारते.